अपग्रेडला कशाला शिव्या?

"विंडोज ११ टाकायला गेलो आणि कॉम्प्युटरची वाट लागली" हे वाक्य ऑक्टोबर २०२५ पासून मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची गणती नाही. ऑफिसात, लग्नाच्या पंक्तीत, एकदा तर सलूनमध्ये मानेवर वस्तरा असताना. कॉम्प्युटरवाला अशी ओळख असली की हे चालायचंच. डॉक्टरला लोक जेवताना पाठदुखी सांगतात, तसं.

पण प्रत्येक वेळी मला एकच म्हणावंसं वाटतं, आणि तिथे म्हणता येत नाही म्हणून इथे म्हणतो. वाट अनेकदा आधीच लागलेली असते हो. अपग्रेडच्या दिवशी ती दिसते इतकंच. आणि ती का दिसली हे न बघता जो पुन्हा पुन्हा 'ट्राय अगेन' दाबतो, तो स्वतःच्या हाताने नुकसान वाढवून घेतो. मीही यात दीड दिवस वाया घालवलाय, म्हणून हे जरा अधिकारवाणीने बोलतोय.

नमनाला एवढं तेल पुरे. गोष्टच सांगतो.

मिरजेला माझी मामी असते. वय बहात्तर. शाळेत मराठी शिकवायची. नोकरी सांभाळून तिने एक उद्योग केला. कृष्णाकाठच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करायच्या आणि घरी येऊन लिहून काढायच्या. वीसेक वर्षं हे चाललं. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा २०१९ मध्ये आम्ही त्या बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या. गाणाऱ्या बायकांपैकी आता बहुतेक कोणी राहिलेल्या नाहीत, आणि कॅसेटीही नाहीत. जे काही आहे ते त्या एका डेस्कटॉपमध्ये.

डेस्कटॉप २०१८ चा, गावातच असेंबल केलेला. आठव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. २०२२ मध्ये "स्लो झालाय" म्हणून दुकानातून आणखी एक ८ जीबीची स्टिक टाकून घेतलेली. म्हणजे एकूण १२. विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र व्यवस्थित बसतं, फक्त बायॉसमध्ये जाऊन टीपीएम चालू करावं लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मामीने पेपरात वाचलं आणि धसका घेतला. (घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय होती, पण ते बातमीच्या मथळ्यात कुठून येणार!) शेजारच्या मुलाकडून तिने अपग्रेड सुरू करून घेतलं. दोन दिवसांनी फोन.

"अरे, ते गोल गोल फिरतं, टक्के पुढे जातात, मग बंद पडून परत सुरू होतं. एकदा निळं झालं. मग म्हणतं, आधी होतं तसं करून देतोय. चारदा केलं."

"मामी, पाचव्यांदा करू नका. काहीच करू नका. बंद करून ठेवा, मी शुक्रवारी रात्री निघतो."

"दुकानातला म्हणाला फॉरमॅट मारावा लागेल. नाहीतर मशीनला अकरा झेपायचं नाही, नवंच घ्या म्हणाला."

आता हे 'झेपत नाही' प्रकरण. अपग्रेड म्हणजे नक्की काय होतं ते जरा बघू, म्हणजे पुढचं कळेल. पाच जीबीच्या वर माल डाउनलोड होतो. त्यात सगळी नवी विंडोज दाबून भरलेली एक मोठी फाइल असते, ती उलगडावी लागते. हजारो फाइली लिहायच्या, त्या बरोबर आल्यात का ताडून बघायचं, जुनी विंडोज बाजूला सरकवायची, ड्रायव्हर नव्या घरात न्यायचे, तुमची सेटिंग्ज न्यायची. हे चार टप्प्यांत होतं. पहिला टप्पा तुमच्या चालू विंडोजमध्येच. दुसऱ्यात यंत्र रिस्टार्ट होऊन एका छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये शिरतं, आणि ती डिस्कवरून न चालता पूर्णपणे रॅममध्ये उतरून चालते. तिसऱ्यात नवी विंडोज पहिल्यांदा उठते, चौथ्यात दुसऱ्यांदा. वाटेत कुठेही पाय घसरला तर सगळं उलट फिरवून जुनं परत बसवतात. या उलट फिरवण्याचं मला कौतुक आहे. विंडोज ९८ च्या काळात असं काही घडलं की थेट सीडी शोधायला लागायची.

तर असं हे काम. ब्राउझर, वर्ड आणि यूट्यूब एवढंच करणाऱ्या यंत्राला कित्येक वर्षांत असं काम पडलेलं नसतं. मारुती मंदिरापर्यंत रोज नेलेली स्कूटर एक दिवस आंबा घाटात काढली, आणि घाटात बंद पडली. घाटाला शिव्या देऊन काय होणार?

शनिवारी सकाळी मिरजेत बसलो. पहिली गोष्ट, एरर कोड. मामीने वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता (मास्तरीणबाई!). सी१९००१०१, डॅश, २००१७. हे कोड दिसायला भयंकर असले तरी वाचता येतात. दुसऱ्या भागातला पहिला आकडा टप्पा सांगतो. २ म्हणजे ती रॅममध्ये चालणारी तात्पुरती विंडोज, ३ म्हणजे नवीचं पहिलं बूट, ४ म्हणजे दुसरं. आणि सी१९००१०१ हा पहिला भाग म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाषेत 'बहुतेक ड्रायव्हरचा घोळ'.

बहुतेक. हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला. ड्रायव्हर म्हटल्यावर मी ड्रायव्हरच्या मागे लागलो. अँटिव्हायरस काढला. जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढलं. वाय-फाय डोंगल, स्कॅनर, वेबकॅम सगळं उपटलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. एवढं सगळं एकदम केलं, म्हणजे यातलं कशाने काय झालं हे कळायला मार्गच ठेवला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी ऑफिसात नव्या मुलांना सांगत असतो! मग अपग्रेड पुन्हा चालवलं. पाचव्यांदा. हो, मामीला नको म्हणालो आणि स्वतः केलं. तासाभराने निळा पडदा.

मग सिस्टिम फाइली तपासणारी एसएफसी ही कमांड चालवली. "काही फाइली बिघडल्या होत्या, दुरुस्त केल्या" असं उत्तर आलं. बरं वाटलं. खात्रीसाठी पुन्हा चालवली. पुन्हा "काही बिघडल्या होत्या, दुरुस्त केल्या". लॉग उघडून बघितला तर फाइली वेगळ्याच. आत्ता तासाभरापूर्वी ज्या ठीक होत्या त्या बिघडल्या कशा? इथेच मला थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. बायॉस अपडेट करावा म्हणून फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली. तेवढ्यात लाइट गेली. महावितरणचे आभार मी आयुष्यात पहिल्यांदा मानले, पण ते का ते नंतर कळलं.

अंधारात चहा पिताना मामी म्हणाली, "हे असं आपोआप बंद होऊन सुरू व्हायचं हल्ली मधनंमधनं. मला वाटायचं लाइट जाऊन आली असेल. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच गेली."

"केव्हापासून?"

"झालं की वर्ष-दोन वर्षं."

लाइट आल्यावर मी विंडोजच्या फोल्डरातलं मिनिडंप नावाचं फोल्डर उघडलं. यंत्र निळा पडदा दाखवून पडलं की मरताना एक छोटी चिठ्ठी तिथे लिहून ठेवतं. सहा चिठ्ठ्या होत्या. सर्वांत जुनी मार्च २०२३ ची. विंडोज ११ चं नावही या घरात निघालं नव्हतं तेव्हा!

चिठ्ठ्या विंडबगमध्ये उघडल्या. (हे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं, फुकट मिळणारं साधन आहे. ते नको असेल तर निरसॉफ्टचं ब्लू-स्क्रीन-व्ह्यू छोटं आणि सोपं आहे.) एकीत कारण 'मेमरी मॅनेजमेंट'. दुसरीत 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. तिसरीत 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. प्रत्येक वेळी पडणारा प्रोग्राम निराळा. आणि एका चिठ्ठीच्या तळाशी विंडबगचा स्वतःचा निष्कर्ष होता, 'मेमरी करप्शन, वन बिट'. म्हणजे विंडोजचा जो कोड मेमरीत होता आणि जो असायला हवा होता, त्यात एका बिटाचा फरक. शून्याच्या जागी एक.

माझ्या मते एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ. सॉफ्टवेअरची चूक हट्टी असते. ती त्याच ठिकाणी, त्याच कारणाने, आणि तुमच्यासारखंच यंत्र असलेल्या सगळ्यांना पाडते. ऑक्टोबर २०२४ चं उदाहरण बघा. विंडोज ११ चं २४एच२ हे व्हर्जन आलं आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या एसएसडींचे २ टीबीवाले मॉडेल असलेली यंत्रं निळी पडायला लागली. ते प्रकरण खरोखर अपग्रेडमुळे समोर आलं होतं. पण सगळ्यांची डिस्क तीच, आकार तोच, एररही एकसारखा. एसएसडी कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेते, त्यातला हा घोळ होता. कंपनीने फर्मवेअर अपडेट काढलं आणि विषय मिटला. याउलट दर वेळी निराळा कोड, निराळा प्रोग्राम, निराळी वेळ असेल, तर ड्रायव्हरच्या मागे धावण्याआधी हार्डवेअर बघावं. मामीचं यंत्र हे ओरडून सांगत होतं आणि मी डोंगल उपटत बसलो होतो.

हे काही माझं संशोधन नव्हे. मायक्रोसॉफ्टमध्ये रेमंड चेन म्हणून जुने इंजिनियर आहेत, 'द ओल्ड न्यू थिंग' हा त्यांचा ब्लॉग आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. त्यांनी २००५ मध्ये लिहिलं होतं की लोकांकडून येणाऱ्या क्रॅश रिपोर्टांत काही असे दिसतात, ज्यांत प्रोग्राम एका अशा आज्ञेवर पडलाय जी पडूच शकत नाही. प्रोसेसरमधला एक कप्पा शून्य करायचा, एवढीच ती आज्ञा. मेमरीला हात नाही, कशाला हात नाही. त्यावर यंत्र पडलं याचा अर्थ यंत्रच बिनसलंय. चौकशी केली तर ती यंत्रं ओव्हरक्लॉक केलेली निघाली.

पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच नाइटिंगेल, डूसर आणि ऑर्गोव्हान या तिघांनी दहा लाख घरगुती पीसींचा अभ्यास युरोसिस परिषदेत मांडला. आठ महिन्यांत किमान तीस दिवसांइतकं काम प्रोसेसरने केलेल्या यंत्रांत, प्रोसेसरच्या भागातल्या बिघाडाने पडणारी यंत्रं १९० मागे एक. हा आकडा लहान वाटेल, पण पुढचं वाचा. हार्डवेअरमुळे जे यंत्र एकदा पडलं, ते पुन्हा पडण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते. म्हणजे 'एकदाच झालं, सोडून द्या' हे आपलं आवडतं धोरण इथे चालत नाही.

सर्व्हरच्या रॅममध्ये अशी बिटांची चूक पकडून दुरुस्त करायची सोय असते, तिला ईसीसी म्हणतात. घरगुती यंत्रांत ती सहसा नसते. लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी २०२१ मध्ये याच मुद्द्यावरून इंटेलवर जाहीर आगपाखड केली होती. भाषा त्याच्या स्वभावाला शोभेशी होती, पण मुद्दा मला पटतो. बँकेच्या सर्व्हरला चूक पकडणारी मेमरी, आणि माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला ती नको, हे कोणी ठरवलं?

असो. शनिवारी रात्री मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर घातलं आणि यंत्र त्यावरून सुरू केलं. हे विंडोजच्या बाहेर चालतं, त्यामुळे ड्रायव्हर-बिव्हरचा प्रश्नच नाही. रॅमच्या घराघरात काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, तेच आलं का बघायचं, बस. पस्तीसेक मिनिटं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग पहिली लाल ओळ आली. मग दुसरी. जेवून येईपर्यंत पडदा लाल.

चुका सगळ्या दहाव्या जीबीच्या आसपास होत्या. ४ आणि ८ च्या दोन स्टिका असल्या की पहिले ८ जीबी दोघींत वाटून वापरले जातात आणि ८ वाल्या स्टिकचा उरलेला भाग वरच्या टोकाला एकटा राहतो. तो भाग हमखास भरेल असं काम मामीच्या हातून फार क्वचित होत असणार. म्हणून दोन वर्षं यंत्र 'चाललं'. तात्पुरत्या विंडोजने एवढा पसारा मेमरीत मांडल्यावर तो खड्डा चुकवता आला नाही.

मग सीपीयू उघडला (आपल्याकडे डब्यालाच सीपीयू म्हणतात, मीही म्हणतो). एकेक स्टिक काढून तपासलं. सोनेरी दातांवर खोडरबर घासायचा पारंपरिक उपायही केला, त्याने फरक पडला नाही. ८ वाली दोन्ही स्लॉटमध्ये लाल, ४ वाली दोन्हींत स्वच्छ. गुन्हेगार सापडला. रविवारचे पहाटेचे तीन वाजले होते. आणि बायॉस अपडेट? या रॅममधून जर मी बायॉस लिहिला असता आणि नेमका तिथेच एक बिट उलटा गेला असता, तर बोर्डच गेला असता कदाचित.

इथवर गोष्ट गमतीची होती. पुढची नाही.

मामी शहाणी. अपग्रेडच्या आदल्या दिवशी तिने सगळ्या ओव्या, रेकॉर्डिंग आणि टाइप केलेल्या फाइली, एका नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेतल्या होत्या. शनिवारी मी तिला शाबासकीसुद्धा दिली. 'बॅकअप घेतलाय ना, मग काळजी नाही' हे आपलं ठरलेलं वाक्य. रविवारी सकाळी दात घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला. फाइल कॉपी करायची म्हणजे काय करतो आपण? डिस्कवरून रॅममध्ये वाचतो, रॅममधून पेन ड्राइव्हवर लिहितो. त्या रॅममधून!

डिस्क काढली, यूएसबीच्या केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. मूळ फाइली आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइली, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश काढून ताडून बघितला. (पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश या कमांडने होतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक बिट बदलला तरी ठसा वेगळा.) तेवीसशेच्या आसपास फाइली. एकोणीस जुळल्या नाहीत.

कॉपी होताना एकही एरर आली नव्हती. पेन ड्राइव्हवर नावं तीच, तारखा त्याच, आकार बाइटन् बाइट तेवढाच. त्यातली चौदा रेकॉर्डिंग होती. एका बिटाने रेकॉर्डिंगला फार काही होत नाही, कुठेतरी टक् असा आवाज, तोही ऐकू येईलच असं नाही. बाकीच्या पाच वर्डच्या फाइली, त्या उघडेनात. आताची वर्डची फाइल आतून झिप असते, एक बिट हलला की गठ्ठाच उसवतो. नशिबाने या एकोणिसांच्या मूळ प्रती डिस्कवर शाबूत होत्या, कारण वाचल्याने मूळ फाइल बदलत नाही. दुकानात नेऊन फॉरमॅट मारला असता तर मात्र डिस्क पुसली गेली असती आणि हातात हा पेन ड्राइव्ह राहिला असता. वर नवी विंडोजही त्याच फुटक्या रॅममधून बसली असती.

दोन फाइलींचं मात्र वेगळंच निघालं. दोन्हीकडचे हॅश तंतोतंत जुळले, आणि दोन्हीकडे फाइल उघडेना. त्या मामीने २०२४ मध्ये दुरुस्त्या करून पुन्हा सेव्ह केल्या होत्या. बिघाड सेव्ह करतानाच आत गेला होता. कॉपी अगदी प्रामाणिक होती, पण बिघडलेल्या मालाची.

आणि ज्या उघडतात त्यांचं काय? इथे मी मामीला एक गोष्ट सांगितली आणि सांगून पस्तावलो. युनिकोडमध्ये 'ल' चा क्रमांक ०९३२ आहे आणि 'ळ' चा ०९३३. दोघांत एका बिटाचं अंतर. 'म' आणि 'य' मध्येही तेवढंच. म्हणजे टाइप केलेला मजकूर मेमरीत असताना नेमका तो बिट उलटला आणि नंतर सेव्ह झाला, तर फाइल मजेत उघडेल, आत 'बाळ' चं 'बाल' झालेलं असेल. असं झालंय असं मी म्हणत नाही, शक्यता अगदी कमी आहे. पण झालं असेल तर कुठलंही साधन ते सांगणार नाही. मामी दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे सगळं परत वाचायला हवं."

आता माझी तक्रार. मायक्रोसॉफ्ट अपग्रेडच्या आधी एक छोटा प्रोग्राम देतं, त्याचं नाव 'पीसी हेल्थ चेक'. तो बघतो काय? टीपीएम २.० आहे का, प्रोसेसर यादीत आहे का, सिक्युअर बूट आहे का, रॅम ४ जीबी आणि जागा ६४ जीबी आहे का. रॅम किती आहे हे विचारतो, धड आहे का हे नाही विचारत. याला हेल्थ चेक म्हणायचं म्हणजे पैलवानाची उंची मोजून त्याला दम लागत नाही असं सर्टिफिकेट देण्यासारखं झालं. बरं, मेमरी तपासायचं साधन व्हिस्टापासून विंडोजच्या आतच आहे. स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, सापडेल. मेमटेस्टइतकं कडक नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. अपग्रेडच्या आदल्या रात्री "हे चालवून ठेवू का?" एवढं विचारायला काय हरकत होती? मिनिडंपच्या फोल्डरात सहा चिठ्ठ्या पडल्यात हे सेटअपला दिसत नाही का?

मला याचं उत्तरही माहीत आहे, कारण मी त्याच धंद्यात आहे. तपासणीला तास-दोन तास लागतात. तेवढ्यात माणूस कंटाळतो, आणि किती लोकांनी अपग्रेड पूर्ण केलं याचा आलेख खाली येतो. तो आलेख कोणाच्या तरी वर्षाच्या बढतीशी बांधलेला असतो. आमच्या मीटिंगमध्ये ही सूचना आली असती तर मीच कदाचित "पुढच्या रिलीजला बघू" म्हणालो असतो.

दुकानदाराला मी दोष देत नाही. फॉरमॅट मारायला त्याला दीड तास लागतो आणि त्याचे पैसे मिळतात. रात्रभर मेमटेस्ट लावून टेबल अडवलं आणि सकाळी "बाई, रॅमची स्टिक गेलीय" म्हणून सांगितलं, तर त्या निदानाचे पैसे आपण देणार आहोत का? आपण म्हणणार, तू केलंस काय, नुसता बघत तर होतास. डॉक्टरला तपासणीची फी देतो तशी याला देत नाही, आणि मग तो नवं मशीन घ्या म्हणाला की लुटतो म्हणतो.

माझ्यापुरतं मी ठरवलंय, कोणाचंही अपग्रेड करायच्या आदल्या रात्री मेमटेस्ट लावून झोपायचं. बॅकअप त्यानंतर. आधी बॅकअप, मग बाकी सगळं, असं मीच इतकी वर्षं सांगत आलो. तो क्रम आता उलटा केलाय. यंत्र आधीच संशयास्पद वागत असेल तर ते सुरूही न करता डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावायची.

८ वाली स्टिक काढून टाकली आणि उरलेल्या ४ जीबीवर रविवारी दुपारी अपग्रेड लावलं. सहाव्यांदा. ड्रायव्हर जुनेच, स्कॅनर परत जोडलेला, प्रिंटरही. दीड तासात विंडोज ११ सुरू. ४ जीबीवर ते रांगतं, म्हणून नवी स्टिक मागवून दिली. जुनी मी माझ्या टेबलावर ठेवलीय, तिच्यावर लाल स्केचपेनने फुली मारून. नाहीतर कोणीतरी 'अरे वा, ८ जीबी' म्हणून उचलायचं.

उघडत नव्हत्या त्या दोन फाइलींपैकी एकीतला मजकूर ती झिप म्हणून उकलून जवळपास सगळा निघाला. दुसरीतला निम्मा. उरलेल्यासाठी मामी आता मूळ रेकॉर्डिंग लावून पुन्हा उतरवून घेतेय. परवा फोनवर म्हणाली, एके ठिकाणी मागे जातं फिरतंय आणि त्या बाईने 'ळ' म्हटलंय की 'ल' ते कळत नाही. फाइल पाठवलीय, मी हेडफोन लावून तीनदा ऐकली. मलाही कळलं नाही.